समोरचा हात

"उजवो हात गो! उजवो!"

शब्द तोंडातून निसटले मात्र, आणि आनंदीने जीभ चावली. एकेचाळीस वर्षं ओठांआड कोंडून ठेवलेली गोष्ट अशी भर सकाळी, सहा मुलींच्या देखत बाहेर पडावी!... हातातलं पोह्यांचं ताट तिने कसंबसं पडवीच्या कठड्यावर टेकवलं.

परशुरामची पखवाजावरची थाप अर्ध्यातच थांबली. अंगणात राणी होऊन उभी असलेली उर्वशी डावा हात डोळ्यांपाशी तसाच धरून बावरून बघत राहिली. आणि कॅमेऱ्यामागून चारुता पुढे आली. चारुता ही आनंदीची एकुलती एक मुलगी, कणकवलीच्या कॉलेजात मराठी शिकवणारी. घरात ती मालवणीच बोले. पण रागावली, की आईशी एकदम पुस्तकातलं मराठी बोलू लागे, आणि त्या भाषेने आनंदीला आपण आपल्याच घरात पाहुण्या आहोत असं वाटे.

"आई, तुला काय कळतं त्यातलं? बाबांच्या राणीचा हात डावा. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, फक्त तुला नाही! कसं असणार? जन्मात एकदा तरी त्यांचं नाटक बघायला गेलीस का तू?"

परशुराम हा विठोबाच्या, म्हणजे आनंदीच्या नवऱ्याच्या, दशावतारी नाटकमंडळीतला जुना पखवाजी. त्याने आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं, "आनंदीवैनी, पोहे तुमी झकास करतास. राणी तेवडी आमच्यार सोडा."

मुली हसल्या. आनंदीही हसली. हसण्यावाचून दुसरं काय होतं तिच्या हाती?

पडवीतल्या खुर्चीत विठोबा बसला होता. गेल्या श्रावणात झटका आला आणि त्याचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. ज्या आवाजाने जत्रेतल्या हजार माणसांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, त्या आवाजाचं आता फक्त एक 'आ... आ...' उरलं होतं. तो तसाच काहीतरी ओरडला, आणि त्याच्या डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"बघितलंस? त्यांनाही सहन झालं नाही!" चारुता म्हणाली.

आनंदीने मान खाली घातली. "पोहे निवतले गो, खावा," एवढंच मुलींना म्हणून ती आत गेली.

चुलीपुढे बसल्यावर मात्र तिला रडू आवरेना. आता घरात गॅस होता. पण भाकऱ्या अजून ती चुलीवरच भाजायची. ती चूल तिला मोडवत नव्हती... कारण सगळं त्या चुलीच्या अल्याडपल्याड घडलं होतं.

लग्न होऊन ती नांदगावजवळच्या या घरात आली, तेव्हा विठोबा दशावतारी मंडळीत राक्षसांचं काम करायचा, तेही शेवटच्या रांगेतल्या. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. आख्यान ठरतं, आणि भाषण ज्याने त्याने उभ्या उभ्या करायचं. राणीसुद्धा पुरुषानेच व्हायचं. त्या वर्षी राणी करणारा नट आजारी पडला आणि विठोबाच्या नाजूक चेहऱ्याकडे बघून मालकाने त्याला राणीचं काम दिलं. घरी येऊन तो डोकं धरून बसला. "माका बाई होवक येणा नाय गो! मी काय करू?"

आनंदीचे वडील दुसऱ्या एका मंडळीत पेटी वाजवत. परकर नेसण्याच्या वयापासून ती त्यांच्यामागे बसून आख्यानं बघत आली होती. राणीची सगळी पदं तिला पाठ होती. बसणं, उठणं, वळणं, सारं ती एकटी असताना परसात करून बघायची; कुणाला न सांगता, कारण मुलीने असलं काही करायचं नसतं हे तिला कुणी न सांगताच कळलं होतं. पण त्या दिवशी नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तिने म्हटलं, "बसा समोर. मी दाखवतंय."

मध्ये चूल, अलीकडे भाकऱ्या थापणारी ती, पलीकडे पाटावर तो. असे पंधरा दिवस गेले. एकदा ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत गेला. बोटं पिठाने भरलेली, म्हणून तिने मनगटाच्या पाठीने डोळा पुसला. विठोबा एकदम म्हणाला, "ह्यां काय केलंस? परत कर!"

"काय?"

"आता डोळो पुसलंस ना, तसो!"

तो हात त्याने उचलला. राज्य सोडून वनात जाणारी राणी उंबऱ्याशी वाकते, उंबऱ्याला हात लावते, आणि मग पदराने नव्हे, बोटांनी नव्हे, मनगटाच्या पाठीने डोळा पुसते... पहिल्याच प्रयोगात बायका हुंदके देऊन रडल्या. मालकाने विठोबाला मिठी मारली. पण समोर बसून शिकलेला तो. तिचा उजवा हात त्याला आरशातल्यासारखा दिसला होता. रंगमंचावर त्याने डावा हात उचलला!

"अवो, माझो उजवो होतो!" घरी येऊन त्याने तो करून दाखवला, तेव्हा आनंदी पोट धरून हसली होती.

"आता बदलूक येवचो नाय. मालकाक तोच आवडलो," तो म्हणाला. मग एकाएकी गंभीर झाला. "आनंदी, बायलेन शिकवल्यान म्हणान कळला तर लोक माका हसतले गो. माझी राणी मरतली. कोणाक सांगू नको."

आणि ग्रामदेवीच्या देवळाच्या पायरीवर हात ठेवून तिने शपथ घेतली. बावीस वर्षांचं वय. नवऱ्याचं सुख तेच आपलं सुख, असं मनापासून वाटण्याचं वय!

विठोबाचं नाव झालं. कुठल्याशा अभ्यासकाने लेख लिहिला, की हृदय डावीकडे असतं म्हणून विठोबाची राणी डाव्या हाताने अश्रू पुसते. गावाने ते तोंडपाठ केलं. नारळ खवता खवता आनंदीने ते ऐकलं तेव्हा तिला हसू आलं. पुढे पुढे ते हसू येईनासं झालं. त्याची नवी नवी आख्यानं येत, आणि प्रत्येक वेळी तो त्याच पाटावर येऊन बसे. मात्र प्रयोगाला तिने यायचं नाही. "तू समोर बसलंस काय माझो हात गोंधळता," तो अजीजीने सांगायचा. "मगे मी राणी ऱ्हवणंय नाय गो, तुझ्या चुलीपुढचो शिकाऊ होतंय."

म्हणून ती कधी गेली नाही. आपण शिकवलेली राणी कशी दिसते, ते तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नाही...

हेही तिने सोसलं असतं. पण चारुता सोळा वर्षांची झाली आणि एक दिवस बापापुढे उभी राहिली. "बाबा, माका शिकवा." विठोबा ताडकन म्हणाला, "तां बाईमाणसाचां काम न्हय!" रडत रडत पोर आईकडे आली. "आये, तू सांग ना गो तेंका! नायतर आजोबांकडसून तुका येता तितक्यां तरी तू शिकव!"

दारात विठोबा उभा होता. त्याचे डोळे आनंदीच्या डोळ्यांना भिडले होते. त्या डोळ्यांत धाक नव्हता. नुसती भीती होती, काकुळती होती... आणि आनंदीने पोटच्या पोरीला सांगितलं, "माका काय समजता त्यातला? जा, अभ्यास कर."

त्या दिवसापासून लेकीच्या मनातली एक खोली आईसाठी बंद झाली, ती उघडली नाही. आईला कलेची कदर नाही, आईला बाबांचा मोठेपणा खुपतो, असं तिने एकदा ठरवून टाकलं. सण झाले, आजारपणं झाली. चारुता येई, सगळं करी, पण बोलणं कामापुरतं.

आता तीच चारुता धडपडत होती. मुलींसाठी दशावताराचं पंधरा दिवसांचं शिबिर तिने मोठ्या खटपटीने मिळवलं होतं, आणि बाबांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून घराच्या अंगणातच घेतलं होतं. कुठे गावातल्या मुली, कुठे कणकवलीच्या कॉलेजातल्या, आणि उर्वशी तर थेट रेडीहून आलेली. बाप होडीवर, आई बाजारात मासे विकणारी. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला चिडवलं, "राणीच्या लुगड्याक बांगड्याचो वास येतलो हां!" तर ती फटकन म्हणाली, "येवंदे. राजाक भूक लागात!"

पण शिकायचं कशावरून? लोकांनी मोबाइलवर काढलेल्या पाच-सहा तुकड्यांवरून. कुठे राणीचा चेहराच नाही, कुठे गाणं अर्धवट. नऊ दिवस मुली तेच बघून हात हलवत होत्या आणि त्या हातांत जीव नव्हता.

सकाळच्या त्या प्रसंगानंतर संध्याकाळी चारुता बापाच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. "बाबा, माका जमला नाय ओ... उशीर केलंय मी. तुमच्याबरोबरच जातला सगळां. उद्या मुलींका घराक धाडतंय. असां खोटां खोटां शिकवूचां नाय माका."

आत दिवा लावणाऱ्या आनंदीने ते ऐकलं.

सगळां जातला... नाही, सगळं जाणार नव्हतं. सगळं इथे होतं, या घरात, या पिठाच्या हातांत. आणि बोललं, तर आयुष्यभर मिरवलेला त्याचा मान त्याच्या डोळ्यांदेखत उतरणार होता. आणि तो उलट एक शब्दही बोलू शकणार नव्हता. न बोलावं, तर चाललं सगळं मातीत. आणि लेकही, पुन्हा एकदा.

चारुता विहिरीवर तोंड धुवायला गेली, तशी ती नवऱ्याजवळ जाऊन बसली. "अवो," ती हळूच म्हणाली. "मी सांगू? पोरींका शिकवू? तुमी व्हय म्हटलास तरच..."

विठोबाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने मान भिंतीकडे वळवली.

आनंदी उठली. एवढं झाल्यावरही नाही! बरं तर... नाही तर नाही. शपथ तिने देवीपुढे घेतली होती, आणि ती मोडण्याचं बळ तिच्यात नव्हतं. भिंतीकडे वळवलेल्या त्या तोंडावरून आसवं ओघळत होती, ती मात्र तिला दिसली नाहीत.

सकाळी मुली पिशव्या भरत होत्या. चारुता वायरी गुंडाळत होती. आनंदी मुलींना वाटेत खायला भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात पडवीतून धाड धाड आवाज आला. विठोबा डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होता.

"आ... नं... आ... नं..."

"काय होया बाबा? पाणी?" चारुता धावली. त्याने मान झटकली. आनंदी पिठाच्या हातांनीच बाहेर आली. त्याने तिच्याकडे बोट केलं, मग आपल्यासमोरच्या जमिनीकडे. पुन्हा तिच्याकडे, पुन्हा जमिनीकडे. कोपऱ्यातल्या पाटाकडे त्याचं बोट वळलं, आणि काय ते न कळता चारुताने पाट आणून त्याच्यासमोर ठेवला.

आनंदी बसली. 

विठोबा थोडा वाकला. डावा हात सावकाश उचलून त्याने मनगटाची पाठ डोळ्यांजवळ नेली... आणि अर्ध्यावर थांबला. थांबून तिच्याकडे बघत राहिला. एकेचाळीस वर्षांपूर्वी पाटावर बसून बघायचा तसा. पुढचं दाखव, म्हणणारा, अडलेला, लीन शिकाऊ!

आनंदीचा उजवा हात आपोआप वर गेला. मनगटाच्या पाठीने तिने डोळा पुसला, कपाळाला पिठाची रेघ उमटली. आणि त्यामागोमाग त्याचा डावा हात पुरा झाला.

मग ती वाकली, नसलेल्या उंबऱ्याला तिने हात लावला, तो वाकला. तिने मान वळवून मागे पाहिलं, त्याने पाहिलं. आणि एवढ्या वर्षांत चुलीच्या धुराशिवाय कुणी न ऐकलेला तिचा आवाज कापत कापत उमटला—

उंबरठ्या रे, पाठ तुला मी दाविते,
देवापुढचा दिवा जपून ठेव, जाते...

एका मुलीने आवरून ठेवलेला कॅमेरा पुन्हा सुरू केला. परशुरामने हळूच पखवाज पुढे ओढला आणि ठेका धरला. आपल्या मंडळीतलं हे पद एवढं भरून त्यानेही कधी ऐकलं नव्हतं.

चारुता खांबाला धरून उभी होती. आधी तिला वाटलं, बाबा दाखवतायत आणि आई नक्कल करतेय. मग तिच्या ध्यानात आलं, की बाबांचा हात मागून येतोय. दर वेळी, अर्ध्या श्वासाने मागून. आई आधी, बाबा नंतर. आईचा उजवा, बाबांचा डावा... आणि तिच्या डोळ्यांपुढचा पडदा सर्रकन बाजूला झाला.

"आये... तू?" तिच्या तोंडून पुस्तकातलं मराठी गळून पडलं. "ह्यां सगळां... तुझां गो?"

विठोबा जोरजोराने मान हलवू लागला. डाव्या हाताने त्याने आनंदीच्या पायांना स्पर्श करायचा प्रयत्न केला. ती कळवळून मागे सरली. "अवो, नको! ह्यां काय करतास!"

"मगे त्या दिवशी माका नाय कित्या म्हटलंस?" चारुता हुंदके देत तिच्यासमोर बसली. "बावीस वर्सां आये! बावीस वर्सां मी तुझो राग केलंय!"

"शपथ होती गो बाये... देवीच्या पायरेर घेतलेली."

"माझ्यापेक्षा शपथ मोठी होती?"

 खोटं बोलून लेकीला जवळ घेणं सोपं होतं. पण आता आनंदीला खोटं बोलवेना. "तेवा होती," ती म्हणाली. "चुकलंय मी. तेवा माका तुझ्यापेक्षा तेंच्या डोळ्यांतली भीती मोठी दिसली."

चारुताने आईच्या मांडीत तोंड खुपसलं. पिठाचे हात केसांना लागू नयेत म्हणून आनंदीने क्षणभर ते वर धरले... आणि मग सगळं विसरून तसेच लेकीच्या डोक्यावर ठेवले.

उर्वशी डोळे पुसत म्हणाली, "काकी, आता समाजला माका! माझी आये बाजारात असोच डोळो पुसता. हाताक माशांची घाण असता म्हणान! राणीचो म्हणान मी नुसतो हात उचलत होतंय..."

"अगो, राणी झाली तरी भाकरी थापीतच आसतली कदीतरी," आनंदी रडता रडता हसली. "कॅमेरो सुरू आसा काय तो? बंद कर, माझां कपाळ पिठान भरलां."

"आसांदे भरलां," परशुराम म्हणाला.  "वैनी, मगाशी... काल पोह्यांचां बोललंय तां माफ करा."

पुढचे चार दिवस आनंदीने जन्मभराचं सगळं ओतलं. विठोबा खुर्चीत बसून बघायचा. चारुता एकदा म्हणाली, "आये, आता हात उजवोच करूया. खरो तोच ना?" आनंदीने नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको. चुकीन शिकले, तरी एकेचाळीस वर्सां तेंनी तो राखलो. लोकांसमोर तेंचोच हात ऱ्हवांदे."

शिबिर संपायला दोन दिवस उरले असताना, सकाळी मुलींचं पद ऐकता ऐकता, विठोबाची मान कलली. पद संपलं तरी कुणाला कळलं नाही. त्याचा डावा हात मांडीवर उलटा पडला होता. मनगटाची पाठ ओली होती.

महिना उलटून गेल्यावर ग्रामदेवीच्या देवळात मुलींचा प्रयोग झाला. आनंदी येत नव्हती. "माका सवय नाय गो नाटकाक बसायची," ती म्हणत राहिली. चारुताने तिला हाताला धरून आणलं आणि सभामंडपात अगदी पुढे, समोर बसवलं. प्रयोगाआधी चारुता माइकपाशी गेली. तिने बाबांचं नाव घेतलं, लोकांनी हात जोडले. मग ती थांबली. "आणि बाबांच्या गुरू," ती म्हणाली, "माझी आई, आनंदी. ती समोर बसली आहे." मंडपात कुजबुज झाली, माना वळल्या. आनंदीने पदर कपाळावर ओढला. त्या कपाळावर आता कुंकू नव्हतं.

बाहेर संध्याकाळ उतरत होती. राणी झालेली उर्वशी उंबऱ्याशी आली, वाकली, तिने उंबऱ्याला हात लावला. आणि डावा हात, मनगटाच्या पाठीने, डोळ्यांकडे नेला.

"विठोबाचो हात!" मागून कुणी म्हातारा बोलला. बायकांनी हुंदका दिला.

आनंदी बघत होती. असं दिसत होतं तर ते!... एकेचाळीस वर्षं लोक बघत आले ते हे. किती सुंदर दिसत असेल तो... किती सुंदर! आणि एक प्रयोगही आपण पाहिला नाही.

मांडीवरचा तिचा उजवा हात नकळत वर गेला होता. मनगटाच्या पाठीने तिने डोळा पुसला. समोरच्या राणीपाठोपाठ, आणि या वेळी तिच्याहून अर्ध्या श्वासाने मागून.